विश्लेषण: ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटवारमध्ये संगीत किंवा नाटक शिकायचंय? प्रवेश कसा मिळतो, खर्च किती आणि व्हिसाची मेख काय?

बारावीला ९५ टक्के मिळाले, तर लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये प्रवेश मिळण्याची शक्यता किती वाढते? फारशी नाही. तिथे गुणपत्रिका बघितली जाते, पण निकाल ठरतो तो बंद खोलीत तीन-चार परीक्षकांसमोर १५-२० मिनिटं काय वाजवलं किंवा गायलं यावर.

पियानो, व्हायोलिन, पाश्चात्त्य गायन किंवा रंगभूमी यात करिअर करू पाहणाऱ्या मुंबई, पुणे आणि गोव्यातल्या अनेक मुलांच्या घरी कधी ना कधी परदेशी शिक्षणाचा विषय निघतो. इंजिनीअरिंग किंवा एमबीएसाठी परदेशी जायचं तर शेजारी-पाजारी विचारायला कोणीतरी असतं. कलेच्या बाबतीत मात्र माहिती तुटपुंजी असते आणि खर्चाचा आकडा कोटीत जाऊ शकतो.

त्यामुळे कॉन्झर्व्हेटवार म्हणजे नेमकं काय, तिथे प्रवेश कसा मिळतो, पैसे किती लागतात आणि शिकून झाल्यावर पुढे काय, हे सविस्तर समजून घेऊया.

कॉन्झर्व्हेटवार म्हणजे काय?

शब्द फ्रेंच आहे, पण त्याचं मूळ इटालियन ‘कॉन्झर्व्हातोरिओ’मध्ये आहे. नेपल्स शहरात १६व्या शतकात अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या संस्थांना हे नाव होतं. तिथे मुलांना संगीत शिकवलं जायचं आणि पुढे याच संस्था संगीतशिक्षणासाठी ओळखल्या जाऊ लागल्या. १७९५मध्ये पॅरिसमध्ये सरकारी कॉन्झर्व्हेटवार सुरू झालं आणि युरोपभर तो नमुना पसरला.

ब्रिटनमध्ये रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकची स्थापना १८२२मध्ये झाली. त्यानंतर गिल्डहॉल स्कूल (१८८०) आणि रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक (१८८३) सुरू झाल्या. या तिन्ही संस्था लंडनमध्ये आहेत. अभिनयासाठी सर्वांत परिचित नाव म्हणजे राडा, अर्थात रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट. ती १९०४मध्ये अभिनेते हर्बर्ट बीरबोम ट्री यांनी सुरू केली. लाम्डा ही अभिनयाची आणखी एक जुनी संस्था.

लंडनबाहेरही तितक्याच तोलाच्या संस्था आहेत. ग्लासगोमध्ये रॉयल कॉन्झर्व्हेटवार ऑफ स्कॉटलंड, मँचेस्टरमध्ये रॉयल नॉर्दर्न कॉलेज ऑफ म्युझिक, कार्डिफमध्ये रॉयल वेल्श कॉलेज ऑफ म्युझिक अँड ड्रामा, बर्मिंगहॅममध्ये रॉयल बर्मिंगहॅम कॉन्झर्व्हेटवार आणि लीड्समध्ये लीड्स कॉन्झर्व्हेटवार. नृत्य आणि संगीत दोन्हींसाठी लंडनमध्ये ट्रिनिटी लाबान आहे.

विद्यापीठात आणि इथे फरक काय?

विद्यापीठाच्या संगीत विभागात संगीताचा इतिहास, सिद्धांत, समीक्षा यांचा वाटा मोठा असतो. कॉन्झर्व्हेटवारमध्ये दिवसाचा बराचसा वेळ प्रत्यक्ष सादरीकरण आणि रियाज यात जातो. संगीताच्या विद्यार्थ्याला आपल्या मुख्य वाद्याच्या गुरूकडून दर आठवड्याला साधारण तासभर ते दीड तास एकट्याला शिकवणी मिळते. त्याशिवाय ऑर्केस्ट्रा, छोटे वाद्यसमूह, मास्टरक्लास आणि सरावाच्या खोल्या.

अभिनयाच्या विद्यार्थ्याचा दिवस आवाज, उच्चार, शरीराची हालचाल, तलवारबाजीसारखी मंचावरची मारामारी, शेक्सपिअर, कॅमेऱ्यासमोरचा अभिनय अशा वर्गांत जातो. शेवटच्या वर्षी नाटकांचे प्रयोग होतात आणि ते बघायला एजंट, कास्टिंग करणारे लोक येतात.

आपल्याकडच्या गुरुकुलात गुरू आणि शिष्य समोरासमोर बसून तालीम चालते. कॉन्झर्व्हेटवारची शिकवण्याची पद्धत त्याच्या बरीच जवळची आहे. फरक इतकाच की इथे ठरावीक वर्षांनी पदवी मिळते आणि दरवर्षी फी भरावी लागते.

संस्थांचा आकारही छोटा असतो. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये सगळे मिळून विद्यार्थी हजाराच्या आसपास असतात. राडाच्या अभिनयाच्या पदवी वर्गात दरवर्षी फक्त २८ जणांना प्रवेश मिळतो आणि त्यासाठी हजारो अर्ज येतात.

भारतातून आधी कोण गेलं होतं?

ही वाट नवी नाही. पुण्यात १९२५मध्ये जन्मलेले इब्राहिम अल्काझी १९४०च्या दशकाच्या अखेरीस लंडनला राडामध्ये शिकायला गेले. शिक्षण संपवून ते मुंबईत परतले आणि त्यांनी थिएटर युनिट ही नाट्यसंस्था सुरू केली. १९६२ ते १९७७ या काळात ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, रोहिणी हट्टंगडी हे त्याच काळातले विद्यार्थी. लंडनमध्ये मिळालेली शिस्त आणि प्रशिक्षणाची पद्धत अल्काझींनी इथल्या मातीत रुजवली, असं नाट्यक्षेत्रात मानलं जातं.

संगीतकार वनराज भाटिया मुंबईचे. त्यांनी रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमधून १९५४मध्ये सुवर्णपदक मिळवलं, नंतर पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे धडे घेतले आणि भारतात परतले. ‘अंकुर’, ‘मंथन’, ‘भूमिका’ या श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांचं संगीत त्यांचं. ‘तमस’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मात्र आयुष्याच्या अखेरच्या काळात ते आर्थिक अडचणीत असल्याच्या बातम्या २०१९मध्ये आल्या होत्या. २०२१मध्ये त्यांचं निधन झालं.

मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो गायिका पॅट्रिशिया रोझारिओ गिल्डहॉलमध्ये शिकल्या, ब्रिटनमध्येच स्थिरावल्या आणि पुढे रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकवू लागल्या. ब्रिटिश संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी त्यांच्या आवाजासाठी अनेक रचना केल्या. भारतातल्या तरुण गायकांना पाश्चात्त्य गायनाचं प्रशिक्षण देण्यासाठी त्यांनी २००९मध्ये ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ हा उपक्रम सुरू केला.

या तिघांच्या वाटा वेगळ्या आहेत. एकाने परत येऊन संस्था घडवली, एकाने सिनेमासाठी संगीत दिलं, तर एकीने तिथेच करिअर केलं.

तिथे नेमकं काय शिकता येतं?

संगीतात पाश्चात्त्य शास्त्रीय वाद्यं, गायन आणि ऑपेरा, कंपोझिशन, कंडक्टिंग, काही ठिकाणी जॅझ. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये सिनेमा आणि टीव्हीसाठी संगीतरचना शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत काम करू पाहणाऱ्यांना तो जवळचा वाटू शकतो.

रंगभूमीत अभिनय, म्युझिकल थिएटर, दिग्दर्शन यांच्याबरोबर प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य, वेशभूषा आणि रंगमंच व्यवस्थापन हे विषय असतात. पडद्यामागच्या या अभ्यासक्रमांकडे भारतीय विद्यार्थ्यांचं लक्ष कमी जातं. पण नाटकं, मैफली, मोठे समारंभ, टीव्ही अशा अनेक ठिकाणी या कौशल्यांची गरज लागते.

हिंदुस्थानी गायन, तबला, सतार किंवा कथक हे मुख्य विषय म्हणून घ्यायचे असतील, तर बहुतेक कॉन्झर्व्हेटवारमध्ये तशी सोय नसते. त्यासाठी भारताइतके पर्याय दुसरीकडे कुठेच नाहीत.

प्रवेशासाठी तयारी किती लागते?

संगीताच्या पदवीसाठी बहुतेक संस्था ग्रेड ८ किंवा त्याहून वरचा दर्जा अपेक्षित धरतात. मुंबई, पुणे, पणजी, मडगाव इथली हजारो मुलं एबीआरएसएम किंवा ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षा देतात, त्यातलीच ही आठवी पायरी. एबीआरएसएम हे मंडळ १८८९मध्ये रॉयल अकॅडमी आणि रॉयल कॉलेज यांनी मिळून सुरू केलं होतं.

इथे एक गल्लत नेहमी होते. परीक्षा घेणारं ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि शिकवणारं ट्रिनिटी लाबान या आता दोन स्वतंत्र संस्था आहेत. दोन्हींचं मूळ एक असलं, तरी ट्रिनिटीची ग्रेड परीक्षा उत्तीर्ण झाल्याने ट्रिनिटी लाबानमध्ये प्रवेश पक्का होत नाही.

ग्रेड ८ ही किमान अपेक्षा आहे हेही लक्षात ठेवावं लागेल. ऑडिशनला येणाऱ्या अनेकांनी त्यापुढच्या डिप्लोमा परीक्षा दिलेल्या असतात. ऑर्केस्ट्रात वाजवण्याचा अनुभवही त्यांच्या गाठीशी असतो. भारतातल्या मुलांची खरी अडचण इथे होते. तंत्र चांगलं असतं, पण इतरांबरोबर वाजवण्याची संधी कमी मिळालेली असते आणि समोर ठेवलेला नवा नोटेशनचा कागद बघून लगेच वाजवण्याची सवय नसते.

इंग्रजीची अट अभ्यासक्रमानुसार बदलते. संगीताच्या पदवीसाठी अनेक ठिकाणी आयईएलटीएसमध्ये ५.५ ते ६ गुण पुरतात. अभिनयासाठी मात्र ७च्या आसपास लागतात, कारण तिथे भाषा हेच मुख्य साधन आहे.

अर्ज कसा आणि कधी करायचा?

संगीताच्या बहुतेक संस्थांचे आणि काही नाट्य व नृत्य संस्थांचे अर्ज ‘यूकॅस कॉन्झर्व्हेटवार्स’ या एकाच ऑनलाइन यंत्रणेतून भरले जातात. एका अर्जात ६ अभ्यासक्रम निवडता येतात. गिल्डहॉल, राडा आणि लाम्डा मात्र स्वतःच्या वेबसाइटवरून थेट अर्ज घेतात.

सर्वांत जास्त गोंधळ तारखांचा होतो. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या संगीत अभ्यासक्रमाची मुदत आदल्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच संपते. म्हणजे बारावीनंतर लगेच जायचं असेल, तर बारावीच्या पहिल्या सत्रातच अर्ज, रेकॉर्डिंग आणि शिफारसपत्रं तयार हवीत. नाटक आणि नृत्याची मुदत बऱ्याच ठिकाणी जानेवारीत असते. मुदत संध्याकाळी ६ची असेल तर ती ब्रिटनची वेळ आहे. भारतात तेव्हा ऑक्टोबरमध्ये रात्रीचे साडेदहा, तर जानेवारीत साडेअकरा वाजलेले असतात.

यूकॅसच्या अर्जात दोन शिफारसपत्रं लागतात. एक शाळा-कॉलेजच्या शिक्षकाचं आणि दुसरं तुमची कला जवळून बघितलेल्या व्यक्तीचं, म्हणजे बहुधा तुमच्या गुरूंचं. ऑडिशनची फी वेगळी असते. संस्थेनुसार ती काही दहा पौंडांपासून शंभर-सव्वाशे पौंडांपर्यंत जाते. सहा ठिकाणी अर्ज केला, तर हीच रक्कम ५०-६० हजार रुपयांवर जाऊ शकते.

ऑडिशनमध्ये काय होतं?

संगीतासाठी वेगवेगळ्या शैलींच्या दोन-तीन रचना सादर कराव्या लागतात. त्यानंतर न बघितलेलं नोटेशन वाजवणं, ऐकून ओळखणं आणि छोटी मुलाखत. परदेशी विद्यार्थ्यांना अनेक संस्था व्हिडिओ रेकॉर्डिंग पाठवण्याची मुभा देतात. मात्र काटछाट न केलेलं, सलग चित्रीकरण हवं असतं.

अभिनयासाठी साधारण दोन मिनिटांची स्वगतं तयार ठेवावी लागतात. एक शेक्सपिअर किंवा त्या काळातल्या नाटकातलं, दुसरं आधुनिक. राडासारख्या ठिकाणी ऑडिशनच्या अनेक फेऱ्या होतात. शेवटच्या फेऱ्यांत दिवसभराची कार्यशाळा घेऊन उमेदवार इतरांबरोबर कसं काम करतो, सूचना कशा घेतो हे बघितलं जातं.

परीक्षक तयार कलाकार शोधत नसतात. तीन-चार वर्षांत हा विद्यार्थी कुठवर जाईल, याचा ते अंदाज घेत असतात. एखादी सूचना देऊन तोच तुकडा पुन्हा करायला सांगितला, तर त्या सूचनेने काय बदललं याकडे त्यांचं लक्ष असतं.

खर्च किती येतो?

संगीताची पदवी बहुतेक ठिकाणी ४ वर्षांची, अभिनयाची ३ वर्षांची. ब्रिटनमध्ये इतर विषयांची पदव्युत्तर पदवी एका वर्षात होते, पण संगीतात ती अनेकदा २ वर्षांची असते. हा फरक बजेट मांडताना हमखास निसटतो.

इंग्लंडमधल्या स्थानिक विद्यार्थ्यासाठी पदवीच्या फीची कमाल मर्यादा २०२५-२६मध्ये वर्षाला ९,५३५ पौंड आहे. परदेशी विद्यार्थ्यांना ही मर्यादा लागू नाही. त्यांची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला २० हजार ते ३५ हजार पौंडांच्या दरम्यान असते.

एक पौंड ११५ रुपये धरून एक ढोबळ हिशेब मांडूया. लंडनमध्ये वर्षाला ३० हजार पौंड फी आणि महिना १,५०० पौंड राहण्याखाण्याचा खर्च धरला, तर ४ वर्षांचे होतात १ लाख ९२ हजार पौंड. म्हणजे सुमारे २ कोटी २० लाख रुपये. लंडनबाहेर २५ हजार पौंड फी आणि महिना १,१५० पौंड खर्च धरला, तर हा आकडा पावणेदोन कोटींच्या पुढे जातो. विमानाची तिकिटं, वाद्याची खरेदी-दुरुस्ती आणि व्हिसा यात धरलेले नाहीत. शिवाय दरवर्षी फी वाढते आणि रुपया घसरला तर तेवढीच फी महाग पडते.

तुलनेसाठी, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला उलट विद्यावेतन मिळतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक, संगीत, नृत्य या विषयांच्या पदव्या त्या मानाने अगदी कमी खर्चात होतात.

शिष्यवृत्ती मिळते का?

मिळते, पण पूर्ण खर्च भागवणारी क्वचितच. कॉन्झर्व्हेटवार स्वतः ऑडिशनमधल्या कामगिरीवरून फीमध्ये सवलत देतात. त्यासाठी कधी वेगळा अर्ज लागतो, कधी नाही.

भारतातून इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशनची शिष्यवृत्ती कलाक्षेत्रातल्या विद्यार्थ्यांनाही मिळते. मुंबईची जे. एन. टाटा एंडोमेंट ही १८९२पासूनची संस्था कर्ज-शिष्यवृत्ती देते, म्हणजे ती रक्कम परत करायची असते. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट कला आणि वारसा क्षेत्रातल्या भारतीयांना मदत करतो. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी आहे आणि त्यासाठी कामाचा अनुभव लागतो.

सरकारी योजनांबाबत एक अडचण आहे. महाराष्ट्र सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांमध्ये संस्थेच्या जागतिक क्रमवारीची अट असते. कॉन्झर्व्हेटवार या छोट्या, एकाच क्षेत्राला वाहिलेल्या संस्था असल्याने त्या विद्यापीठांच्या सर्वसाधारण यादीत सहसा दिसत नाहीत. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक २०२२च्या क्यूएस क्रमवारीत परफॉर्मिंग आर्ट्स या विषयात जगात पहिलं होतं, पण ती विषयवार यादी होती. योजनेच्या जाहिरातीत कोणती यादी ग्राह्य आहे, हे अर्जाआधीच विचारून घेतलेलं बरं. शैक्षणिक कर्ज देणाऱ्या बँकाही हाच प्रश्न विचारू शकतात.

व्हिसाची मेख काय आहे?

स्टुडंट व्हिसासाठी संस्थेकडून ‘कॅस’ हा क्रमांक मिळतो आणि त्यावर अर्ज करता येतो. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असल्याने भारतातल्या अर्जदारांना मान्यताप्राप्त केंद्रात क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. व्हिसाची फी एप्रिल २०२५मध्ये ५२४ पौंड करण्यात आली. त्याशिवाय आरोग्य सेवेसाठी वर्षाला ७७६ पौंड, तेही संपूर्ण मुदतीचे एकदम भरावे लागतात.

बँकेत पैसे दाखवण्याची अटही आहे. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि ९ महिन्यांचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात असावा लागतो. नोव्हेंबर २०२५पासून हा खर्च लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरला जातो. आई-वडिलांच्या खात्यातले पैसे चालतात, पण नात्याचा पुरावा आणि संमतिपत्र जोडावं लागतं.

मात्र कलेच्या विद्यार्थ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची अट कामाची आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र सुरू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. पण या व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही आणि ‘एंटरटेनर’ म्हणून नोकरीही करता येत नाही. या शब्दात अभिनेते, वादक, नर्तक असे सगळे कलाकार येतात.

याचा अर्थ असा की व्हायोलिन शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला कॅफेत कॉफी देऊन पैसे कमावता येतील, पण लग्नसमारंभात मानधन घेऊन व्हायोलिन वाजवता येणार नाही. घरोघरी जाऊन पियानोच्या शिकवण्या घेणं हा स्वयंरोजगार झाला, म्हणून तेही चालत नाही. वर्गातला ब्रिटिश मित्र दर शनिवारी एखादी सुपारी घेऊन खर्च भागवत असतो आणि भारतीय विद्यार्थ्याला ते बघत बसावं लागतं. अभ्यासक्रमाचाच भाग असलेल्या, संस्थेने मान्य केलेल्या प्लेसमेंटसाठी वेगळे नियम आहेत. त्यामुळे कुठलंही काम स्वीकारण्याआधी संस्थेच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घेणं सुरक्षित. नियम मोडला तर व्हिसा रद्द होऊ शकतो.

म्हणून ‘तिथे गेल्यावर कार्यक्रम करून फी काढेल’ असा हिशेब मांडला जात असेल, तर तो पहिल्याच पायरीवर चुकतो.

शिकून झाल्यावर पुढे काय?

पदवी पूर्ण झाल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा घेता येतो. त्यावर स्वयंरोजगार चालतो आणि कलाकार म्हणून कामही करता येतं. त्याची मुदत दोन वर्षांची होती. मात्र १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना पदवी आणि पदव्युत्तर पदवीनंतर १८ महिनेच मिळणार आहेत. जे आज चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची तयारी करत आहेत, त्यांनी १८ महिनेच गृहीत धरायला हवेत.

त्यानंतर राहायचं असेल तर वाट अरुंद आहे. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जुलै २०२५पासून साधारणपणे वर्षाला किमान ४१,७०० पौंड पगाराची अट आहे. नव्या कलाकाराची कमाई छोट्या छोट्या कामांतून होते, एका मालकाकडून इतका पगार मिळणं दुर्मीळ. ग्लोबल टॅलेंट व्हिसामध्ये कलाक्षेत्रासाठी आर्ट्स काउन्सिल इंग्लंडचं पाठबळ लागतं आणि त्यासाठी कामाची ठोस नोंद दाखवावी लागते.

भारतात परतल्यावर संधी आहेत, पण मोजक्या. मुंबईच्या एनसीपीएमध्ये २००६पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, मात्र देशातला हा एकच व्यावसायिक ऑर्केस्ट्रा. वांद्रे-कुर्ला संकुलात २०२३मध्ये सुरू झालेल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमुळे मोठ्या संगीत नाटकांना मंच मिळाला आहे. बाकी शाळांमधलं आणि खासगी संगीतशिक्षण, चित्रपट-वेबमालिका, व्हॉइस ओव्हर, स्वतःची संस्था असे मार्ग उरतात. सरकारी नोकरी किंवा पीएचडीसाठी परदेशी पदवीची समकक्षता तपासावी लागते. ‘फाउंडेशन’ आणि ‘सर्टिफिकेट’ अभ्यासक्रम पदवी नसतात, हेही फी भरण्याआधी बघायला हवं.

अर्ज करण्याआधी कोणते प्रश्न विचारावेत?

संस्थेच्या नावापेक्षा काही साधे प्रश्न जास्त उपयोगी पडतात.

– शिकवणार कोण? संगीतात चार वर्षं एका गुरूबरोबर जातात. अनेक शिक्षक अर्जाआधी एखादी ओळखीची शिकवणी घेतात, ऑनलाइनसुद्धा. ती घेऊन बघावी.

– पदवी आत्ताच हवी, की आधी भारतात पदवी घेऊन पदव्युत्तर शिक्षणासाठी जायचं? दुसऱ्या मार्गाने खर्च निम्म्यावर येऊ शकतो, शिवाय बऱ्याच मोठ्या शिष्यवृत्त्या पदव्युत्तर शिक्षणासाठीच असतात.

– आधी छोट्या अभ्यासक्रमाने चाचपणी करता येईल का? राडा, लाम्डासह अनेक संस्था उन्हाळ्यात काही आठवड्यांचे वर्ग घेतात. हा मार्गही स्वस्त नाही, पण चार वर्षांचा निर्णय घेण्याआधी अंदाज येतो.

– संस्थेची आर्थिक स्थिती कशी आहे? एप्रिल २०२२मध्ये अल्रा ही ब्रिटिश नाट्यसंस्था अचानक बंद पडली आणि विद्यार्थ्यांना दुसऱ्या संस्थेत सामावून घ्यावं लागलं.

– घरातले पैसे संपले किंवा दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली नाही, तर काय करायचं? याचं उत्तर विमानात बसण्याआधी कागदावर हवं.

– आणि शेवटचा, बहुधा सर्वांत अवघड प्रश्न. १८ महिन्यांनी परत यावं लागलं, तर हा खर्च तरीही पटेल का?

या शेवटच्या प्रश्नाला काही घरांमध्ये ‘हो’ असं उत्तर मिळेल. एकाच गुरूसमोर चार वर्षं बसून, दिवसाला सहा तास रियाज करून जे हाताला लागतं, ते परतल्यावरही कलाकाराजवळच राहतं. काही घरांमध्ये उत्तर ‘नाही’ असेल, आणि पुणे, दिल्ली किंवा गोव्यात शिकून पुढे एखाद्या वर्षासाठी जाणं त्यांना जास्त परवडेल. पण घर गहाण ठेवण्याआधी या प्रश्नावर आई-वडील आणि मुलांनी एकत्र बसून बोलायला हवं. ऑक्टोबरमधली मुदत बघता, ही चर्चा दहावीनंतरच सुरू झालेली बरी.